ठोका हृदयाचा, लगाम चेतांचा

(हीरक महोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यानाचे शब्दांकन)



वैद्यकशास्त्रातील एखादा विषय सर्वांना समजेल अशा मराठीत मांडावा, अशी संयोजकांनी आज्ञा केली आणि विषयाची निवड माझ्यावर सोपवली. मी हृदय निवडले. मात्र हृदयाच्या झडपा, रक्तवाहिन्यांत साठणारी चरबी, रक्तातील कोलेस्टेरॉल यांविषयी आपण वर्तमानपत्रांतून पुष्कळ वाचता. ते मी पुन्हा सांगणार नाही. आज मला बोलायचे आहे ते हृदय आणि मेंदू यांच्यात अहोरात्र चालणाऱ्या संभाषणाविषयी. मेंदू हृदयाला काय सांगतो, हृदय मेंदूला काय कळवते आणि तो निरोप कधी चुकीच्या पत्त्यावर कसा जातो, हे कळले तर एखाद्या घरातील एखादा जीव वाचू शकतो. म्हणून हा विषय.

आपल्या भाषेला या संभाषणाची जाण फार पूर्वीपासून आहे. वाईट बातमी ऐकली की आपल्या छातीत धस्स होते, कोणाचे दुःख पाहिले की काळजात चर्र होते, अवचित काही घडले की काळजाचा ठोका चुकतो आणि संकट टळले की जीव भांड्यात पडतो. काळीज हा शब्द आपण हृदयासाठी वापरतो आणि यकृतासाठीही वापरतो. शरीररचनेच्या दृष्टीने भाषा थोडी सैल आहे, पण अनुभवाच्या दृष्टीने अचूक आहे. मनात काही घडले की छातीत काही घडते, एवढे तिला पक्के ठाऊक आहे. ते कोणत्या मार्गाने घडते, हे सांगण्याचे काम शास्त्राचे.

एका शब्दाचा खुलासा आधी करतो. आपल्या जबलपुरात शाळेबाहेर पडले की कानावर 'तंत्रिका' हा हिंदी शब्द पडतो. मराठी पाठ्यपुस्तकांत त्याच अर्थाने 'चेता' हा शब्द येतो. मेंदू, मज्जारज्जू आणि त्यांपासून निघणाऱ्या चेता मिळून चेतासंस्था होते. मी आज 'चेता' हाच शब्द वापरणार आहे.

पहिली गोष्ट अशी की, हृदयाला धडधडण्यासाठी मेंदूच्या परवानगीची गरज नसते. गर्भधारणेनंतर साधारण बाविसाव्या दिवशी, म्हणजे पुष्कळदा आईला स्वतःला चाहूल लागण्याच्या सुमारास, गर्भातील इवलेसे हृदय स्पंदू लागते. तेव्हा मेंदू नावाची गोष्ट जेमतेम आकार घेत असते आणि हृदयापर्यंत एकही चेता पोहोचलेली नसते. शरीरक्रियाविज्ञानाच्या प्रयोगशाळेत बेडकाचे हृदय शरीराबाहेर काढून योग्य क्षारांच्या द्रावणात ठेवले, तर ते बराच वेळ आपल्या लयीत आकुंचन पावत राहते.

हे स्वयंभू स्पंदन उगम पावते ते उजव्या कर्णिकेच्या वरच्या भागातील पेशींच्या एका लहानशा समूहात. १९०७ साली आर्थर कीथ आणि मार्टिन फ्लॅक या दोघा ब्रिटिश संशोधकांनी तो दाखवून दिला. या समूहाला आज सायनस गाठ म्हणतात. तेथे आपोआप निर्माण होणारी विद्युतलहर साऱ्या हृदयात पसरते आणि हृदय आकुंचन पावते. मिनिटाला सत्तर ठोके धरले, तर दिवसाचे एक लाखाहून अधिक ठोके होतात. त्यांतील एकाचीही आठवण आपल्याला करून द्यावी लागत नाही.

मग चेतांचे काम काय? टांगा आठवा. घोडा स्वतःच्या पायांनी धावतो. लगाम त्याला धाववत नाही, पण कोठे हळू जायचे आणि कोठे वेग घ्यायचा हे लगामाने ठरते. हृदयाच्या बाबतीत चेतांची भूमिका हीच आहे. हृदयाकडे येणाऱ्या चेता दोन प्रकारच्या आहेत. पहिली जोडी मेंदूच्या तळाशी असलेल्या मस्तिष्कपुच्छातून निघते, मानेतून छातीत उतरते, हृदयाला आणि फुप्फुसांना फाटे देते आणि पुढे जठर व आतड्यांपर्यंत जाते. तिच्या या भटकंतीवरून तिला लॅटिनमध्ये व्हेगस, म्हणजे भटकी, असे नाव पडले. मराठीत तिला 'प्राणेशा' असेही म्हटले गेले आहे. ही परानुकंपी चेतासंस्थेतील मुख्य चेता होय. दुसऱ्या चेता मज्जारज्जूच्या छातीजवळच्या भागातून येतात. त्या अनुकंपी चेता. प्राणेशा हृदयाची गती मंदावते, अनुकंपी चेता ती वाढवतात आणि आकुंचनाचा जोरही वाढवतात.

१८४५ साली जर्मनीतील वेबर बंधूंनी व्हेगस चेतेला विजेचे उद्दीपन दिले आणि हृदय मंद होत होत क्षणभर थांबलेले पाहिले. चेता म्हणजे काहीतरी चेतवणारी, अशीच तोपर्यंत सर्वांची समजूत होती. एखादी चेता थांबवण्याचेही काम करते, हे तेव्हाच्या शास्त्रज्ञांना पचायला जड गेले. आज आपल्याला माहीत आहे की, दोन्ही चेतांचा प्रभाव काढून टाकला, तर तरुण माणसाचे हृदय मिनिटाला शंभराच्या आसपास धावते. विश्रांतीच्या वेळी आपली नाडी साठ-सत्तर भरते, याचा अर्थ शांत बसलेल्या माणसाच्या हृदयावर लगाम सतत ओढलेला असतो. जिना चढताना गती वाढते ती सुरुवातीला केवळ हा लगाम सैल सोडल्यामुळे. अनुकंपी चेतांची टाच त्यानंतर बसते.

चेतेचा हुकूम हृदयाला पोहोचतो कसा, याचे उत्तर ऑटो लोवी यांनी १९२१ साली दिले. त्यांनी बेडकाची दोन हृदये घेतली. पहिल्याच्या व्हेगसचे उद्दीपन करून त्याची गती मंदावली आणि त्याच्याभोवतीचे द्रावण काढून दुसऱ्या हृदयावर सोडले. दुसऱ्याला कोणी हात लावला नव्हता, तरी तेही मंदावले. म्हणजे चेतेच्या टोकापासून एक रसायन पाझरते आणि तेच निरोप पोहोचवते. पुढे ते रसायन ॲसेटिलकोलीन असल्याचे सिद्ध झाले आणि १९३६ साली लोवी व हेन्री डेल यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आज रक्तदाबासाठी किंवा धडधडीसाठी 'बीटा ब्लॉकर' गटातील गोळी घेणारे येथे अनेक असतील. ती गोळी अनुकंपी चेतांच्या रसायनाला हृदयाच्या दारातच अडवते. कोणती चेता कोणत्या रसायनाने बोलते, हे कळल्यामुळेच अशी औषधे तयार होऊ शकली.

लगामाशिवायचे हृदय कसे चालते, हे माणसातही पाहता येते. डिसेंबर १९६७ मध्ये केपटाऊनला ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी पहिले मानवी हृदयारोपण केले. त्यानंतर अवघ्या अडीच महिन्यांत, फेब्रुवारी १९६८ मध्ये, मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातील पहिले हृदयारोपण केले. रुग्ण काही तासच जगला, पण परळच्या एका सार्वजनिक रुग्णालयाने केलेले ते धाडस आपल्या वैद्यकाच्या इतिहासात नोंदले गेले. १९९४ मध्ये दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. पी. वेणुगोपाल यांनी यशस्वी आरोपण केले आणि आता अशा शस्त्रक्रिया देशात अनेक ठिकाणी होतात. आरोपित हृदय नव्या शरीरात शिवले जाते, रक्तवाहिन्या जोडल्या जातात. चेता मात्र जोडता येत नाहीत. असे हृदय विश्रांतीतही मिनिटाला नव्वद ते एकशेदहाच्या घरात चालते. मालक धावू लागला तरी ते लगेच वेग घेत नाही. रक्तातून ॲड्रेनालीन येऊन पोहोचेपर्यंत थांबते, आणि मालक बसल्यावरही बराच वेळ धावत राहते. आणखी एक गोष्ट घडते, ती ध्यानात ठेवा, कारण पुढे तिच्याकडे परत यायचे आहे. अशा हृदयाचा रक्तपुरवठा कमी पडला, तरी रुग्णाला छातीत दुखत नाही, कारण वेदना वर घेऊन जाणाऱ्या ताराही तुटलेल्या असतात.

आता आपल्या गावाकडे येऊ. २२ मे १९९७ ची पहाट येथील वडीलधाऱ्यांना आठवत असेल. चार वाजून काही मिनिटे झाली होती. उन्हाळ्यामुळे पुष्कळजण अंगणात किंवा गच्चीवर झोपले होते. सुमारे ५.८ तीव्रतेच्या भूकंपाने जबलपूर हादरले. झोपेतून उठून बाहेर धावलेल्या प्रत्येकाने त्या वेळी आपल्या हृदयाचे ठोके कानांत ऐकले असतील. काही क्षणांपूर्वी जे हृदय झोपेत पन्नास-साठच्या गतीने चालले होते, त्याचा लगाम एका ठोक्याच्या अवधीत सुटला. काही सेकंदांत अनुकंपी चेतांची टाच बसली. पाठोपाठ मूत्रपिंडांवरील ॲड्रेनल ग्रंथींनी ॲड्रेनालीन रक्तात सोडले. म्हणूनच जमीन स्थिर झाल्यावरही छाती बराच वेळ धडधडत राहिली. चेतेचा हुकूम क्षणात विरतो, रक्तातले रसायन विरायला वेळ लागतो.

ही यंत्रणा धावण्यासाठी, जीव वाचवण्यासाठी आहे. पण ज्याच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या आधीच अरुंद झाल्या आहेत, त्याला हाच झटका महाग पडू शकतो. १७ जानेवारी १९९४ रोजी पहाटे साडेचारला अमेरिकेतील लॉस एंजेलिसजवळ नॉर्थरिज येथे भूकंप झाला. तेथील संशोधकांनी नोंदी तपासल्या, तेव्हा हृदयरोगाने होणाऱ्या आकस्मिक मृत्यूंची संख्या आधीच्या आठवड्यात दिवसाला सरासरी ४.६ होती, ती भूकंपाच्या एका दिवशी २४ झाल्याचे दिसले. त्याच सुमारास जपानी वैद्यांनी आणखी एक विकार वर्णिला होता. तीव्र दुःखाने किंवा भयाने, रक्तवाहिनीत अडथळा नसतानाही, हृदयाच्या डाव्या जवनिकेचे टोक एकाएकी लुळे पडून फुगते. जपानी कोळी आठ पायांचा ऑक्टोपस पकडण्यासाठी जे मडके वापरतात, तसा आकार दिसतो, म्हणून त्याला 'ताकोत्सुबो' म्हणतात. जोडीदाराच्या निधनानंतर वयस्क स्त्रियांमध्ये तो विशेष आढळतो आणि योग्य उपचाराने बहुतेकजण काही आठवड्यांत बरे होतात. 'दुःखाने काळीज फुटले' ही आपल्या भाषेतील अतिशयोक्ती पूर्णपणे अतिशयोक्ती नव्हती, असे म्हणावे लागते. म्हणूनच घरात मोठे दुःख घडले की त्या घरातील वृद्धांना छातीत दुखू लागल्यास 'रडून रडून होत असेल' असे म्हणून सोडून देऊ नये. त्यांचा ईसीजी काढावा.

भयाने हृदय आपोआप धावते, तर इच्छेने ते थांबवता येईल का? हा प्रश्न भारतात नेहमी विचारला जातो आणि त्याचे उत्तर शोधण्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, यांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू केले. योगक्रियांचे गुणगान करण्यापेक्षा त्यांचे मोजमाप करावे, हा त्यांचा आग्रह होता. आसनांत रक्तदाब किती बदलतो, उड्डियान आणि नौलीत पोटातील दाब किती उतरतो, हे त्यांनी यंत्रे लावून पाहिले. पुढे १९५७ साली अमेरिकेहून वेंगर आणि बागची हे दोन शास्त्रज्ञ नोंदणीयंत्रे घेऊन भारतात आले आणि एम्सचे प्राध्यापक बाल कृष्ण आनंद यांच्यासह त्यांनी हृदय थांबवण्याचा दावा करणाऱ्या योगाभ्यासींची तपासणी केली. निष्कर्ष १९६१ साली प्रसिद्ध झाले.

त्यांना काय दिसले? साधक खोल श्वास घेऊन तो कोंडत, पोटाचे आणि छातीचे स्नायू घट्ट आवळत. छातीतील दाब वाढला की शरीरातून हृदयाकडे परतणाऱ्या रक्ताची वाट अडते. हृदयात रक्तच कमी आले, तर बाहेर फेकणार काय? त्यामुळे मनगटावरील नाडी लागेनाशी होई. स्नायूंच्या आवाजात हृदयाचे ध्वनी स्टेथोस्कोपला ऐकू येत नसत. नाडी पाहणाऱ्याला वाटे की हृदय थांबले. ईसीजीवर मात्र ठोक्यामागून ठोका उमटतच होता. हृदय थांबवण्याचा दावा न करता केवळ ते मंद करून दाखवणाऱ्या एका साधकाची गती मात्र खरोखरच लक्षणीय उतरली.

या प्रयोगांनी योगाची किंमत कमी झाली, असे मला वाटत नाही. इच्छेची तार थेट हृदयाला जोडलेली नाही, पण ती श्वासाच्या स्नायूंना जोडलेली आहे आणि श्वासातून व्हेगसपर्यंत जाता येते, हे त्यांनी दाखवले. हे आपण आत्ता करून पाहू शकता. डाव्या मनगटावर उजव्या हाताची तीन बोटे ठेवा. श्वास सावकाश आत घ्या, मग त्याहून सावकाश बाहेर सोडा. आत घेताना नाडी किंचित भरभर आणि सोडताना किंचित संथ होते. मुलांना हा फरक सहज जाणवेल. वाढत्या वयात तो कमी होतो. परीक्षेच्या दालनाबाहेर ज्या मुलाचे काळीज धडधडत आहे, त्याला 'घाबरू नकोस' असे सांगून फारसा उपयोग होत नाही. 'पाच-सहा वेळा दीर्घ उच्छ्वास सोड' असे सांगितले, तर त्याच्या हाती लगामाचे एक टोक लागते. आणि श्वास कोंडून जोर लावण्याचा दुसरा अर्थ वृद्धांनी लक्षात घ्यावा. शौचाला बसून कुंथताना नेमकी हीच क्रिया घडते. हृदयरुग्णाला बद्धकोष्ठ होऊ देऊ नये, असे डॉक्टर सांगतात ते याचसाठी.

येथपर्यंत आपण वरून खाली येणारे हुकूम पाहिले. पण व्हेगसमधील बहुसंख्य तंतू हुकूम खाली आणत नाहीत; ते खालची बातमी वर नेतात. या क्षेत्रात एका भारतीयाचे नाव जगभर आदराने घेतले जाते. डॉ. अवतारसिंग पेंटल यांनी १९५३ साली मांजराच्या व्हेगसमधील एकेक तंतू वेगळा करून त्यातून जाणारे संदेश नोंदवले. हृदयाच्या कर्णिकांतून येणारे काही तंतू कर्णिका आकुंचन पावते तेव्हा संदेश देतात, तर काही ती रक्ताने भरते आणि ताणली जाते तेव्हा देतात, असे त्यांनी दाखवले. हृदय केवळ पंप नाही. आपल्यात किती रक्त आले आहे, याची खबर देणारे ते एक ज्ञानेंद्रियही आहे. दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी दीर्घकाळ काम केले आणि पुढे ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्य झाले.

या खबरीचा अनुभव नर्मदाकाठच्या माणसाने अनेकदा घेतला आहे, फक्त कारण माहीत नसते. ग्वारीघाटावर गळ्यापर्यंत पाण्यात उभे राहिले की थोड्याच वेळात लघवीची भावना होते. थंडी हे त्याचे एक कारण आहे, पण एकमेव नाही. पाण्याच्या दाबाने पायांतील आणि पोटातील रक्त छातीकडे ढकलले जाते, कर्णिका ताणल्या जातात आणि मेंदूकडे खबर जाते की रक्त फार झाले. कर्णिका स्वतःही एक संप्रेरक सोडते. मूत्रपिंडे पाणी बाहेर टाकू लागतात.

त्याच पाण्यात दुसरीही गोष्ट घडते. थंड पाणी एकाएकी अंगावर आले की अनुकंपी चेता हृदयाला टाच मारतात. चेहरा थंड पाण्यात बुडवून श्वास रोखला की व्हेगस लगाम ओढते. एकाच क्षणी टाच आणि लगाम! निरोगी तरुण हृदय हे सहन करते, कमकुवत हृदयाची लय बिघडू शकते. मकरसंक्रांतीला किंवा नर्मदाजयंतीला पहाटेच्या गारठ्यात बुडी मारण्याची श्रद्धा मी जाणतो आणि तिचा आदर करतो. पण ज्यांना हृदयविकार आहे, त्यांनी ऊन वर आल्यावर घाटावर जावे, प्रथम पाय, मग हात, मग अंग ओले करावे, एकटे जाऊ नये. नर्मदामाई तेवढी सवलत नक्की देईल.

मेंदूकडे खबर पाठवणारी आणखी एक चौकी मानेत, मेंदूकडे जाणाऱ्या मोठ्या रोहिणीच्या दुभाजकापाशी आहे. आपण उठून उभे राहिलो की अर्धा लिटर किंवा त्याहून अधिक रक्त पायांकडे उतरते. ही चौकी दाब घटल्याचे कळवते आणि काही ठोक्यांच्या आत हृदयाची गती वाढते, रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि आपण उभे राहू शकतो. प्रार्थनेच्या वेळी रांगेत बराच वेळ उभा असलेला मुलगा एकाएकी पांढरा पडून खाली कोसळतो, ते आपण सर्वांनी पाहिले आहे. तेथे हा समतोल क्षणभर उलटतो. लगाम नको तेव्हा ओढला जातो आणि रक्तवाहिन्या सैल पडतात. अशा वेळी मुलाला धरून बसवू नका, भोवती गर्दी करू नका, चप्पल किंवा कांदा हुंगवू नका. त्याला आडवेच राहू द्या आणि पाय थोडे वर उचला. मात्र खेळताना किंवा धावताना जो मुलगा बेशुद्ध पडतो, त्याची गोष्ट निराळी. त्याला त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे आणि तपासणी होईपर्यंत मैदानावर पाठवू नये.

आता मी माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. रक्तपुरवठा तुटून हृदयाचा स्नायू गुदमरू लागला की तो ओरडतो, पण त्याच्या आवाजाला नेमका पत्ता नसतो. हृदयातून वेदना नेणारे तंतू अनुकंपी चेतांच्या वाटेने मज्जारज्जूच्या ज्या भागात शिरतात, त्याच भागात छातीच्या त्वचेचे आणि हाताच्या आतल्या बाजूचे तंतूही शिरतात. मेंदूला त्वचेकडून बातमी येण्याची सवय असते, हृदयाकडून वेदनेची बातमी येण्याची नसते. म्हणून तो समजतो की हात दुखतो आहे, खांदा दुखतो आहे. व्हेगसच्या वाटेने गेलेली बातमी आणखी फसवी असते. तिने मळमळ होते, उलटी होते, पोटाच्या वरच्या भागात जडपणा येतो, दरदरून घाम फुटतो. जबड्यात किंवा गळ्यात आवळल्यासारखे वाटते.

आणि मग आपल्या घरांत काय होते? 'जेवण जड झाले', 'गॅस झाला' असे निदान होते. ओवा दिला जातो, सोडा दिला जातो, पाठ चोळली जाते, 'सकाळी बघू' असे ठरते. त्या रात्रीत हृदयाचा स्नायू तासागणिक मरत असतो. बंद पडलेली रक्तवाहिनी औषधाने किंवा अँजिओप्लास्टीने उघडता येते, पण जो स्नायू मेला तो परत येत नाही. पहिल्या काही तासांतला प्रत्येक तास म्हणूनच मोलाचा. स्त्रियांमध्ये छातीतील ठरावीक वेदनेबरोबर किंवा तिच्याऐवजी धाप, थकवा, मळमळ अशी लक्षणे अधिक आढळतात. शिवाय आपल्या घरांतली आई स्वतःचे दुखणे सर्वांत शेवटी सांगते. म्हणजे निरोप आधीच अस्पष्ट असतो आणि तो ऐकणारेही कोणी नसते.

याहून कठीण अवस्था मधुमेहाची. अनेक वर्षे रक्तातील साखर वाढलेली राहिली की तळपायांच्या चेता बधिर होतात, हे आपल्याला माहीत असते. हृदयाच्या चेताही तशाच झिजतात, हे माहीत नसते. लांब चेता आधी बिघडतात, म्हणून पुष्कळदा व्हेगसला प्रथम इजा होते. लगाम सैल पडतो आणि विश्रांतीतही नाडी नव्वद-शंभर राहू लागते. श्वासाबरोबर होणारा नाडीतील चढउतार नाहीसा होतो. उठून उभे राहिले की डोळ्यांपुढे अंधारी येते. आणि वेदना नेणारे तंतू झिजले की हृदयविकाराचा झटका येऊनही छातीत दुखत नाही. मघाशी मी आरोपित हृदयाविषयी जे सांगितले, ते येथे स्वतःच्याच हृदयाच्या बाबतीत घडते: हृदय शरीरात आहे, पण त्याच्या तारा तुटल्या आहेत. असा माणूस एवढेच सांगतो की आज फार थकल्यासारखे वाटते, थोडे चालले की धाप लागते, विनाकारण घाम येतो. त्याच्या या साध्या वाक्याला छातीतील कळेइतकेच महत्त्व द्यायला हवे.

म्हणून पालकांना आणि माझ्या वयाच्या माजी विद्यार्थ्यांना चार गोष्टी हात जोडून सांगतो. पहिली, बेंबीपासून जबड्यापर्यंत कोठेही नवे, अस्वस्थ करणारे दुखणे किंवा दडपण आले आणि त्यासोबत घाम, धाप किंवा मळमळ असली, तर ते हृदयाचे नाही असे सिद्ध होईपर्यंत हृदयाचेच समजा. दुसरी, अशा वेळी स्वतः स्कूटर चालवत जाऊ नका. १०८ क्रमांकाला फोन करा किंवा दुसऱ्याला गाडी चालवू द्या आणि जेथे ईसीजी निघतो अशा रुग्णालयातच जा. पहिला ईसीजी ठीक आला आणि त्रास चालूच राहिला, तर पुन्हा काढण्याचा आग्रह धरा. तिसरी, दहा वर्षांहून अधिक काळ मधुमेह असेल, तर डॉक्टरांना विचारून आडवे असताना आणि उभे राहिल्यावर असा दोन्ही वेळा रक्तदाब मोजून घ्या आणि नाडीचा श्वासाबरोबरचा चढउतार तपासून घ्या. या तपासण्यांना फारसा खर्च येत नाही. चौथी, आईला विचारा. 'कशी आहेस' एवढे विचारून भागत नाही; जिना चढताना दम लागतो का, रात्री उशाला जास्त उशी लागते का, असे नेमके विचारा.

बालमित्रांनो, तुमच्यासाठी एक काम आहे. आज घरी गेल्यावर आजी-आजोबांची नाडी मोजा. घड्याळ समोर ठेवून पूर्ण एक मिनिट मोजा, ती सम आहे की मधून मधून चुकते ते पाहा आणि वहीत लिहून ठेवा. महिन्यातून एकदा असे केलेत, तर तुम्हाला शरीरक्रियाविज्ञानाचा पहिला धडा मिळेल आणि त्यांना नातवंडांचा हात काही काळ आपल्या हातात मिळेल. नाडी एकाएकी फार भरभर, फार मंद किंवा अनियमित वाटली, तर मोठ्यांना सांगा.

हिंदीच्या या प्रदेशात आपल्या वाडवडिलांनी मराठी माध्यमाची शाळा काढली आणि पिढ्यान् पिढ्या चालवली. आपल्या भाषेत विज्ञान शिकल्याचा एक लाभ मला वैद्यकात पदोपदी जाणवला. रुग्ण आपले दुखणे ज्या भाषेत सांगतो, त्या भाषेत त्याचे कारण त्याला समजावून सांगता आले, तर तो औषध घेतो, पथ्य पाळतो आणि वेळेवर येतो. 'छातीत धस्स झाले' असे म्हणणाऱ्या आजीला अनुकंपी चेता समजावणे अवघड नसते. ती अर्धी गोष्ट आधीच जाणत असते. उरलेली अर्धी तिच्यापर्यंत नेण्याचे काम या शाळेतून शिकून गेलेल्या प्रत्येकाने करावे, एवढीच हीरक महोत्सवाच्या निमित्ताने प्रार्थना.